गिरणीतलं माझं वजन

आमच्या घरात मुलीचं शिक्षण, मुलीचं लग्न आणि मुलीची तब्येत हे तिन्ही विषय मोठ्या काकांकडे आहेत. वडील मोहोपाड्याला कारखान्यात पाळीवर जातात आणि घरातले निर्णय थोरल्या भावावर सोपवून निवांत झोपतात. काका गावची गिरण चालवतात. खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. आसपासच्या गावांचं भात भरडायला काकांकडेच येतं, दळणही तिथेच होतं. सगळा जन्म पोती तोलण्यात गेल्यामुळे काकांना जगातली कुठलीही गोष्ट वजनातच समजते. मी दहावी पास झाले तेव्हासुद्धा त्यांनी मार्क विचारले नव्हते, पेढे किती किलो आणायचे ते विचारलं होतं.

मी कर्जतच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. पहिलं वर्ष घरून जाऊन-येऊन केलं. प्रॅक्टिकल सुटायला संध्याकाळ व्हायची, मग खोपोलीपर्यंत यायचं आणि तिथे टमटम भरायची वाट बघत बसायचं. टमटम भरल्याशिवाय सुटत नाही आणि त्या वेळी आमच्या बाजूला जाणारं माणूस मिळत नाही. त्या वर्षी मी पुस्तकापेक्षा टमटमवाल्याचं तोंड जास्त पाहिलं. निकालही तसाच लागला, एक विषय राहिला. म्हणून दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी मी घरात सांगून टाकलं, की आता दोन मैत्रिणींबरोबर कर्जतला खोली घेऊन राहणार.

घरात कुणी हो म्हणेना. त्याचं कारण माझी आतेबहीण होती. ती काही वर्षांपूर्वी पुण्याला होस्टेलवर राहिली, तिथलं खाऊन कावीळ झाली, वर्ष बुडालं आणि परत आली ती अर्धी होऊन. आमच्याकडे तेव्हापासून होस्टेल हा शब्द डांग्या खोकल्यासारखा उच्चारला जातो. काकांनी बराच वेळ विचार केला आणि मग त्यांच्या परीने अगदी न्यायाचा तोडगा काढला.

"खोली घे," ते म्हणाले. "पण ज्या वजनाची जाशील त्या वजनाची परत यायची. दर महिन्याला गिरणीत काट्यावर उभं राहायचं. खाली गेलीस का खोली बंद. मंग हायेच आपली टमटम."

मला वाटलं, यात काय अवघड आहे. आपण काय, खाऊ. मी हो म्हणून मोकळी झाले. पण आमच्याकडे माणसाला गावाबाहेर पाठवायचं तर भरल्या पोटी पाठवतात, हे मी विसरले. निघायच्या दिवशी आईने कोंबडी-वडे केले. त्यावर भात झाला. त्यावर काकांनी परड्यातला फणस स्वतः फोडून गरे समोर ठेवले आणि "खा, तिथं कोण देणार हाय" म्हणत शेवटचा गरा संपेपर्यंत उठू दिलं नाही. मग माझे हात सुकायच्या आत मला गिरणीत नेऊन भाताच्या काट्यावर उभं केलं. काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, खाली लोखंडी पत्रा आणि वर लाल आकडे. काकांनी आकडा खणखणीत आवाजात वाचला. तो मी इथे लिहिणार नाही. दळण घेऊन आलेल्या दोन बायकांनी तो ऐकला, तेवढी प्रसिद्धी पुरे. आई माझ्या चपला आणि ओढणी हातात घेऊन बाजूला उभी होती. काका बोलत असले की आई मध्ये बोलत नाही.

त्या आकड्यात कोंबडी, वडे आणि अर्धा फणस धरलेला आहे, हे माझ्या लक्षात आलं ते कर्जतला पोचल्यावर. म्हणजे मला दर महिन्याला माझं वजन नाही, तर ते जेवण पोटात घेऊन परत जायचं होतं.

आमची खोली उल्हास नदीच्या बाजूला एका मावशींच्या घरामागे होती. एक शेगडी, एक कुकर, एक कढई आणि तीन मुली. त्यातली एक मोहोपाड्याच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. तिचे वडील तिथे साहेब आहेत. तिला आम्ही कॉलनीवाली म्हणायचो. दुसरी माथेरानच्या डोंगराला चिकटलेल्या एका वाडीतली, नेरळच्या बाजूने वर चढून जावं लागतं. तिचे वडील माथेरानला हॉटेलात काम करतात. ती वाडीवाली. आणि काकांच्या अटीची बातमी कळल्यावर मला गिरणवाली म्हणायला लागल्या. अट ऐकून दोघी पोट धरून हसल्या आणि मग कॉलनीवालीने माझी जबाबदारी घेतली.

कॉलनीवालीचा आहार फोनमधून यायचा. फोनमधली एक गोड बाई रोज सकाळी सांगायची, की आज काय भिजवा, कशावर कसल्या बिया पेरा. पहिल्या सकाळी तिने आम्हाला दुधात भिजवलेले ओट्स दिले. वाडीवालीने वाटी हातात घेऊन नीट पाहिलं.

"माथेरानला घोड्यांना असंच भिजवून घालतात," ती म्हणाली. "पण त्यात गूळ तरी असतो."

वाडीवालीचं स्वतःचं मत अगदी पक्कं होतं. तिला दोन मिनिटांत होणारे नूडल्स हवे असायचे. सकाळी, दुपारी आणि रात्री. जंगलातल्या पाल्याचं नाव काढलं तरी ती तोंड फिरवायची. "जल्मापासून तेच खाल्लंय गं. तुमी खा, तुमाला नवलाई हाय," असं म्हणायची. तिची आई बाजाराच्या दिवशी खाली आली की रानभाजीची जुडी आमच्या दारात ठेवून जायची आणि लेक ती जुडी दोन बोटांनी उचलून आमच्याकडे सरकवायची.

अशीच एकदा शेवळं आली. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. चव अशी, की मटण बाजूला ठेवावं. पण भाजी खाजरी. म्हणून तिच्यात काकडं नावाची आंबट हिरवी फळं कुटून घालतात, आणि कोंबाच्या आतल्या दांड्याचा एक भाग खुडून फेकून देतात. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. वाडीवाली म्हणाली, "मला नाय येत, आई करते." कॉलनीवालीने तर फोन बाहेर काढला. मी तो तिच्या हातून काढून घेतला आणि म्हटलं, फोनला काय कळतंय, ही आमच्याकडची भाजी आहे.

काकडं मी कुटून घातली. दांड्याचा एक भाग ठेवायचा आणि एक फेकायचा, हेही आठवलं. कोणता, एवढंच आठवेना. त्यातला पिवळा भाग दिसायला फार सुरेख होता, म्हणून मी तो ठेवला.

पहिल्या दोन घासांना आम्ही तिघी वा वा करत होतो. मग वाडीवालीने एकदम खाणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पिवळं काढलंस ना गं?" असं तिने विचारेपर्यंत माझ्या घशात खाजकुयली पेरल्यासारखं झालं होतं. चिंच, ताक, गूळ, जे सापडेल ते आम्ही गिळलं. घरमालकीण मावशी कोकम घेऊन धावत आल्या. त्या रात्री खोलीत कोणी कुणाशी बोललं नाही, कारण कुणाला बोलताच येत नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी माझी राहिलेल्या विषयाची तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक होते. मी आत जाऊन तोंड उघडलं तर आतून गिरणीच्या पट्ट्यासारखा आवाज आला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सर, शेवळं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. निघाले आमच्याच जिल्ह्यातले. "काकडं नाही घातलीत?"

"घातली सर. पिवळं काढायचं राहिलं."

मग त्यांनी मला पुस्तकातलं काही विचारलंच नाही. खाज का येते ते विचारलं. मी म्हटलं कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मग विचारलं, काकडाने ती का जाते? तेही आंबटाचं नाव घेऊन, घसा खरवडत, जमेल तसं सांगितलं. त्या विषयात मला जितके मार्क पडले तितके आजवर कशात पडलेले नाहीत. बाहेर येऊन मी वाडीवालीला म्हटलं, तुझ्या आईला सांग, तिने मला पास केलं.

पण खोलीत माझ्या हातच्या स्वयंपाकावर बंदी आली. कॉलनीवालीचे ओट्स आम्ही दोघींनी नाकारले, वाडीवालीचे नूडल्स कॉलनीवालीने नाकारले, आणि आम्हा तिघींचं एकमत झालं ते कर्जतच्या वड्यावर. कर्जतला राहून वडा न खाणं म्हणजे पंक्तीला बसून पाण्यावर उठणं. सकाळी कॉलेजला जाताना वडापाव, संध्याकाळी परत येताना वडापाव, मध्ये चहा. कॉलनीवालीने दोन दिवस फोनमधल्या बाईला घाबरून पाव सोडून नुसता वडा खाल्ला, तिसऱ्या दिवशी तीही सुधारली.

महिना झाला आणि मी गिरणीत काट्यावर उभी राहिले. आकडा वर गेला होता. नुसता वर नाही, कोंबडी-फणसासकट वर. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथूनच वडिलांना फोन लावला. "कर्जतचं पाणी मानवलं पोरीला," ते म्हणाले. गिरणीत आलेल्या प्रत्येकाला ते पुढचे दोन तास हेच सांगत होते. मीही खूश होते. खोली शाबूत होती.

फक्त मला सारखी झोप यायची. कॉलेजचा जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरच्या सूचना वाचायची सवय लागली. त्या मी सगळ्या पाठ केल्या, पण जिना काही सोपा होईना. वाडीवालीच्या घरी एकदा गेलो तर डोंगराची वाट चढताना दर दगडावर बसले. तिची आई वरून ओरडत होती, "येतेस का आणू उचलून?" मला वाटलं, वजन वाढल्यामुळे होत असेल, आणि वजन तर हवंच आहे.

जुलैच्या शेवटी कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. आम्ही तिघी मोठ्या ऐटीत गेलो. वाडीवालीला वजन कमी म्हणून दारातूनच परत पाठवलं. कॉलनीवाली सुई बघूनच पांढरी पडली आणि तिला खुर्चीवर बसवून वारा घालावा लागला. राहिले मी. डॉक्टर बाईंनी माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, बोटाला टोचलं आणि रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता. माझा वर तरंगत बसला.

"बाळ, तू रक्त द्यायला आलीयस की न्यायला?" त्यांनी विचारलं. मागच्या रांगेतली मुलं हसली. मला इतका राग आला की काय सांगू. मी म्हटलं, "मॅडम, माझं वजन वाढलंय." त्या म्हणाल्या, "वजन वड्यानेही वाढतं." त्यांनी मला कधी पाहिलेलंही नव्हतं, तरी बरोबर वड्याचंच नाव कसं घेतलं, कोण जाणे. मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, जेवणावर चहा प्यायचा नाही म्हणाल्या, आणि कडधान्य, पालेभाजी, नाचणी, लिंबू अशी उजळणी करून घेतली. आमच्या खोलीतून समाजाला त्या दिवशी एक थेंबही मिळाला नाही, माझा तो तरंगलेला सोडून.

खोलीवर येऊन मी विचार करत बसले आणि तेव्हा खरी पंचाईत कळली. वडे सोडून नीट खाल्लं तर रक्त वाढेल, पण वड्यांनी आणलेलं वजन उतरेल. वजन उतरलं की खोली गेली, पुन्हा टमटम, पुन्हा रात्री घरी पोचून पुस्तकावर डोकं ठेवून झोपणं. आणि रक्त कमी आहे हे काकांना कळलं तर काटा बघायचीही गरज उरणार नव्हती, ते दुसऱ्या दिवशी टेंपो घेऊन माझी गादी न्यायला आले असते.

मी आईला फोन केला. सगळं सांगितलं, थेंबाचंही. काकांना सांगू नको म्हटलं. मला वाटलं, आई आता रडते.

"डोळ्यात काय बघितलं बाईंनी?" तिने विचारलं.

"खालची पापणी ओढून बघतात. आतून लाल पाहिजे."

"तुझी कशी हाय?"

"पांढरट आहे म्हणाल्या."

"घरात कडवे वाल हायेत," आई म्हणाली. "नाचणी पण हाय. गिरणीचा टेंपो शुक्रवारी कर्जतला तांदूळ घेऊन येतो, त्यात घालते." अशा रीतीने माझा औषधाचा खुराक काकांच्याच टेंपोतून, काकांच्याच तांदळाच्या गोणींमध्ये बसून, दर शुक्रवारी कर्जतला यायला लागला.

त्यात श्रावण लागला. तोपर्यंत आम्ही खोलीत अंडी उकडायचो, तीही वार बघून. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, शिवाय मध्येच चतुर्थी किंवा एकादशी टपकायची. घरमालकीण मावशी फार प्रेमळ, पण वाराला पक्क्या. केराच्या डब्यात टरफलं दिसली की आधी कॅलेंडर बघायच्या आणि मग आमच्याकडे. कॉलनीवाली एकदा त्यांना म्हणाली, "मावशी, प्रोटीनला वार नसतो." मावशी म्हणाल्या, "नसंल. माझ्या घराला असतो." श्रावणात तर सगळाच महिना गेला. मासे नाहीत, अंडी नाहीत, आणि मी वडे सोडलेले. कॉलनीवालीच्या फोनमधल्या बाईला श्रावण म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यामुळे तिचा सल्ला आपोआप बंद पडला.

राहिले वाल. आदल्या दिवशी भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, की झालं बिरडं. हे काम एकटीने करायचं नसतं, कंटाळा येतो. आम्ही तिघी परातीभोवती बसायचो. वाल चिमटीत दाबला की सालीतून सटकतो आणि भिंतीवर जातो. कॉलनीवाली सुरुवातीला खाण्यापेक्षा उडवायचीच जास्त. पण सोलता सोलता गप्पा अशा रंगायच्या की अभ्यासाची पुस्तकंही परातीजवळ आली. एकीने प्रश्न विचारायचे, दोघींनी सोलत उत्तरं द्यायची. त्या सेमिस्टरचं अर्धं ऑर्गॅनिक मी बिरडं सोलताना पाठ केलं आहे, आणि अजूनही बेंझिन म्हटलं की मला वालाचा वास येतो.

नाचणीची भाकरी मात्र मला जमेना. तव्यावर टाकली की तिला भेगा जायच्या. शेवटी आईने फोनवर सांगितलं, "भाकरी ऱ्हाऊ दे, पेज कर." कॉलनीवालीने त्याच पेजेवर तिच्या महागड्या बिया पेरल्या आणि फोटो काढून कुणाकुणाला पाठवला. तिच्या कॉलनीतल्या बायकांनी कृती मागितली म्हणे. वाडीवालीनेही एक शोध लावला. तिच्या आईने पाठवलेला टाकळा, कुरडू, जी रानभाजी असेल ती बारीक चिरून ती नूडल्समध्ये ढकलायला लागली. "आता नूडल्स हायेत, मंग मी खाते," ती म्हणाली. चव वाईट नव्हती. घरमालकीण मावशींनी एकदा चाखून पाहिलं आणि "काय गं हे" म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मला फरक कळला तो जिन्यावर. एक दिवस वर पोचले आणि लक्षात आलं, की आज भिंतीवर नवीन सूचना लागली होती आणि ती आपण वाचलीच नाही. श्रावणाच्या शेवटी वाडीवालीच्या घरी पुन्हा गेलो. या वेळी मी दगडांवर बसले नाही. वर ढगात माथेरानचा डोंगर अर्धा गेलेला, शेतांमधून पाणी वाहत होतं आणि मी तिच्या पुढे चालत होते. तिची आई दारात उभी होती. "आता उचलायला नको तुला," ती म्हणाली आणि पेज समोर ठेवली. मी मनापासून खूश झाले. आपलं शरीर आपलं ऐकतंय, याच्यासारखं सुख नाही.

दुःख एवढंच, की मधल्या महिन्याच्या वजनाला आकडा कसाबसा पहिल्या आकड्याला टेकला होता, तेव्हाच काका "जरा उतरलीस" म्हणाले होते, आणि त्यानंतर मी आणखी उतरले होते. गणपतीला घरी जायच्या दोन दिवस आधी मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले तर आकडा काकांच्या आकड्याच्या बराच खाली होता. खोलीत तातडीची बैठक बसली. वाडीवाली म्हणाली, खिशात दोन दगड ठेव. कॉलनीवालीच्या हिशेबाने पाणी सगळ्यात सोपं, दोन मोठ्या बाटल्या पिऊन जायचं. मी पाण्याचा मार्ग धरला. पण कर्जतहून खोपोली आणि खोपोलीहून आमचं गाव, त्यात टमटम, त्यात पावसाळ्यातले खड्डे. त्या दोन बाटल्या गावापर्यंत पोचल्या नाहीत, त्याची अधिक चर्चा नको.

घरी पोचले तर दारात आरास चालली होती. काका मखर बांधत होते. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाले, "आधी काटा, मंग गणपती." आतेबहिणीचं उदाहरण त्यांना अजून भेडसावत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते दुष्ट नाहीत. त्यांना खरोखर वाटत होतं की पोर परत आणायची वेळ आली आहे.

आई हात पुसत बाहेर आली. मला उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली आणि वाकून पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्याची पाहिली. "लाल हाय," ती एवढंच म्हणाली, माझ्या खांद्यावरची ओढणी घेतली आणि आमच्याबरोबर गिरणीत आली.

गिरण बंद होती, सणाची. काकांनी काट्याचं बटण दाबलं. मी चपला काढून वर चढले. चपला आईने उचलल्या आणि ती माझ्याजवळ उभी राहिली. लाल आकडे पळायला लागले आणि थांबायला लागले ते बरेच खाली. संपलं, मी मनात म्हटलं. परात, वाल, जिना, सगळं संपलं. मी डोळे मिटले.

"हलू नको गं," काका म्हणाले.

"मी नाय हलत."

"आकडा हलतोय."

मी डोळे उघडले. आकडा वर चढत होता. थोडा चढला, थांबला, पुन्हा थोडा चढला, जरा जास्तच झाला, मग खाली आला. मी खाली पाहिलं. काट्याच्या पत्र्याच्या कडेला, माझ्या टाचेमागे, साडीच्या काठाखालून आईचा पाय आला होता. नुसती बोटं आणि चवडा. ती माझ्याकडे बघत नव्हती, काकांकडेही बघत नव्हती. गिरणीच्या पट्ट्याकडे अशी बघत होती जणू तो आज पहिल्यांदा दिसतोय, आणि पायाने अंदाज घेत होती.

"आता थांबला," काका म्हणाले. त्यांनी चष्मा वर सरकवून आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "जेवढी गेली तेवढीच. बराबर." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, काट्याचं बटण बंद केलं आणि मखराकडे धावत गेले. खोली राहिली होती.

परत येताना बांधावरून आई पुढे आणि मी मागे. भात पोटरीवर आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. माझ्या चपला अजून आईच्याच हातात होत्या आणि मी चिखलात अनवाणी चालत होते, पण मागायचं सुचलं नाही.

"आई," मी म्हटलं, "पाय."

"कसला पाय?"

"काट्यावर होता तो."

"घसरला असंल. कोंडा किती सांडलेला असतो तिथं."

मी हसले. तीही हसली असावी, मला तिची पाठच दिसत होती. थोडं चालल्यावर ती मागे न बघता बोलायला लागली. "मी सातवीला पलीकडच्या गावात शाळेला जायची. चालत. पहिला नंबर होता माझा. एक दिवस आमचा बाबा अंगणात बसला व्हता, मला येताना बघितली आन् बोलला, पोर वाळली, आता पुरे झाली शाळा. माझ्या वेळेला काटा पण नव्हता गं. नुस्तं बघून ठरवलं."

आईची शाळा मध्येच सुटली हे मला ठाऊक होतं. का सुटली हे कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला आपलं वाटायचं, नापास झाली असेल.

"खरंच वाळली होतीस?" मी विचारलं.

"छे गं," आई म्हणाली. "उंच होत होते."